इंजिन काढून मोटर बसवताना

मळणी यंत्राचं डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवायची असेल, तर इंजिनाच्या पाटीवरचे एचपी पाहून मोटर घेऊ नका. मी आधी एकच विचारतो: मळणी ऐन भरात असताना तासाला डिझेल किती जातं? एका लिटरमागे शाफ्टवर साधारण 3 युनिट काम मिळतं, बाकी उष्णता होऊन जातं. तासाला 2 लिटर जात असेल तर 6 किलोवॉट लागतात, म्हणजे 7.5 किलोवॉटची, 10 एचपीची मोटर पुरते. याच हिशोबाने दिवसाला 60 लिटर खाणाऱ्या नांगरणीच्या ट्रॅक्टरला 180 युनिट लागतील, आणि तेवढी बॅटरी अंगावर वागवावी लागेल. त्यामुळे एका जागी उभी राहणारी यंत्रं आधी विजेवर घ्या.

पेंढी अडकली की क्षणभर दुप्पट जोर लागतो. चांगली मोटर तो देते, पण व्होल्टेज टिकलं तरच. व्होल्टेज 10 टक्के पडलं की जोर 19 टक्के पडतो. म्हणून माझा सगळा जीव केबलवर. 10 एचपीची मोटर 415 व्होल्टवर पूर्ण लोडला 14-15 अँपिअर घेते. 200 मीटरवर 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकलीत तर सुमारे 20 व्होल्ट वाटेतच जातात, आणि थेट सुरू करताना करंट सहापट असतो. तिथे मी 6 चौरस मिलिमीटरचीच घालतो. काटकसर करायची तर दुसरीकडे करा. उरलेली केबल गुंडाळून ठेवू नका, ती तापते.

स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेतो. त्याने सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो, पण जोरही तेवढाच उतरतो. यंत्र रिकामं सुरू करा, वेग पूर्ण आला की मगच माल घाला. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा, मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावा. रिले डेल्टा जोडणीच्या आत, वाइंडिंगच्या वाटेत असेल तर पाटीवरच्या अँपिअरच्या 58 टक्क्यांवर. ट्रिप होतो म्हणून वाढवू नका. एक फेज गेली तरी मोटर गुरगुरत राहते आणि जळते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. अर्थिंग मोटरलाही आणि यंत्राच्या सांगाड्यालाही.

पुलीचं गणित सोपं: मोटर 1440 फेऱ्यांची, ड्रमला हव्यात 720, तर ड्रमची पुली दुप्पट व्यासाची. पट्टा चढवण्याआधी मोटर क्षणभर फिरवून दिशा पाहा. उलटी फिरली तर मेन स्विच बंद करून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा.

पहिल्या दिवशी माल चालू असताना तिन्ही फेजचे अँपिअर क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट दाखवणाऱ्या मीटरने, मोजा. एक फेज बाकीच्या दोघींपासून लांब दिसली तर जोडणी ढिली आहे किंवा व्होल्टेज असमान आहे. ते सापडेपर्यंत पुढची पेंढी घालू नका.