मोबाईलवर सापडलेली गंमत आपल्या माणसांपर्यंत कशी पोचवावी

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापुरातल्या कुठल्याही घरच्या ग्रुपमध्ये डोकावून बघा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा एकच व्हिडिओ मामाकडून येतो, मग चुलत बहिणीकडून, मग सोसायटीच्या ग्रुपमधून. चौथ्यांदा आला की कुणी उघडतसुद्धा नाही. इतकी सुंदर गोष्ट अशी वाया जाते याचं मला खरंच वाईट वाटतं. काही छान दिसलं की ते चार जणांना दाखवावंसं वाटणारच. ते कुणासाठी आहे हे आधी ठरवलं, की पुढचं बरंच सोपं होतं.

म्हणून सापडल्या सापडल्या पाठवू नका, आधी बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर नवीन चॅट उघडलं की यादीत वरच तुमचं स्वतःचं नाव असतं. त्या चॅटमध्ये लिंक टाकून ठेवायची आणि संध्याकाळी निवांत पुन्हा बघायची. दुसऱ्यांदा बघतानाही हसू आलं, तर ती पाठवण्यासारखी आहे. निम्म्याहून जास्त गोष्टी इथेच गळतात.

मग माणूस निवडा. समजा, हातमागावर कापड विणणाऱ्या कुणा परदेशी कारागिराचा व्हिडिओ तुम्हाला दिसला. ग्रुपवर टाकलात तर चार अंगठे येतील. तोच सोलापूरच्या पूर्वभागातल्या, उभी हयात मागावर काढलेल्या मामांना एकट्यांना पाठवा आणि खाली लिहा, ‘मामा, एक मिनिट चाळीस सेकंदांवर धोटा कसा फेकतोय बघा. आपल्याकडे असंच होतं का?’ आवाज चालू ठेवून बघा, हेही सांगा, कारण मागावर काम केलेला माणूस आधी खटका ऐकतो. उत्तरात बहुतेक दहा मिनिटांचा फोनच येईल. ही एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि माझ्या मते सगळी जादू त्या ओळीतच आहे. नुसता फॉरवर्ड आला की ‘यात काय बघू?’ असा प्रश्न पडतो. तुमची ओळ सोबत असली की ते पत्र होतं.

सोलापूरकरांना आणखी एक सोय आहे. आपल्या आळीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, दखनी सगळंच कानावर पडतं. तेलुगू विनोद समजणारी मैत्रीण असेल तर तो मूळ भाषेतच पाठवा. भाषांतर करून सांगायला गेलात की मजा गेली.

पाठवायचं कसं? शक्यतो मूळ लिंक पाठवा, म्हणजे ज्याने कष्टाने ते बनवलं त्याला श्रेय आणि प्रेक्षक दोन्ही मिळतात. स्क्रीनशॉटमध्ये बनवणाऱ्याचं नावच कापलं जातं. मात्र आत्याकडे इन्स्टाग्राम नसेल तर लिंक उघडताना लॉगिन मागते आणि त्या वैतागून सोडून देतात. अशा वेळी व्हिडिओच पाठवा आणि कुणाचा आहे ते खाली लिहा. फोनची जागा भरत आलेल्यांना मोठ्या फायली नकोत.

आता तपासणीबद्दल. आनंदाच्या बातमीवर आपण सगळ्यांत लवकर विश्वास ठेवतो, म्हणून इथे थोडं थांबतो. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी दिसला म्हणून एखादा देखणा फोटो येतो. नान्नजचं अभयारण्य आपल्या अभिमानाचं, पण आता उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत, तेव्हा फोटो तिकडचा असण्याचीच शक्यता जास्त. गुगल लेन्समध्ये तो फोटो टाकला की आधी कुठे कुठे आला होता ते बहुतेक वेळा कळतं. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो खूप हातांतून फिरून आलाय असं समजा. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं, ते याचसाठी.

बातमी खरी असली तरी साल लिहा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते २०२० मध्ये. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देण्याचं त्यांनी जाहीर केलं. ही गोष्ट आजही पुन्हा सांगावी अशीच आहे, पण ‘आत्ताच मिळालं’ म्हणून नको. साल घातलं की कुणी अर्धवट माहितीवर अभिनंदन करत सुटत नाही, आणि गोष्टीचं मोल कमी होत नाही.

हसताना कुणावर हसतोय तेही बघा. पाय घसरून पडलेली म्हातारी, वर्गात रडणारं पोर, यांचे व्हिडिओ कितीही फिरत असले तरी मी पुढे पाठवत नाही. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

ग्रुपवर टाकायचंच असेल तर आधी वरचे दहा-वीस मेसेज वाचा. कुणाच्या घरी दुःखद घटना घडलेली असते, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागलेली असते आणि मध्येच आपला विनोद जाऊन पडतो. तसं झालंच तर लगेच ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. ती सोय साधारण दोन दिवसच चालते. आणि पाठवलेलं खोटं निघालं तर नुसतं पुसू नका, त्याच ग्रुपवर ‘मी सकाळी टाकलेला फोटो जुना होता’ असं लिहा. ज्यांनी तो पुढे पाठवलाय त्यांनाही तेवढंच सांगायला सांगा.