तलावावरचं घड्याळ, फलक आणि पंचांचे टॅब लॅपटॉपला कसे जोडावेत

पोहण्याच्या शर्यतीत मुलाने शेवटी भिंतीला हात लावला की गॅलरीतले आईवडील आधी फलकाकडे बघतात, मग हातातल्या मोबाइलकडे. दोन्हीकडे वेगळा आकडा दिसला, तर पुढच्या मिनिटाला ते आपल्या टेबलापाशी उभे असतात. पणजीत कांपालच्या तलावावर २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतल्या शर्यती झाल्या. तसल्या मोठ्या स्पर्धेला यंत्रणा लावणारी मंडळी वेगळी असते. शालेय किंवा क्लबच्या स्पर्धेत मात्र हे काम ‘कॉम्प्युटरातलं कळणाऱ्या’ कुणाच्या तरी गळ्यात पडतं. तो कुणीतरी तुम्ही असाल, तर हा लेख तुमच्यासाठी.

वायरीला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ठरवा: वेळ मोजणारं यंत्र एकच, ते म्हणजे टायमिंग कन्सोल. शर्यत सुरू करणाऱ्या हॉर्नचा इशारा, टचपॅड (पोहणारा हात लावतो ती भिंतीवरची पाटी) आणि टाइमकीपरची बटणं तिथेच येऊन मिळतात. लॅपटॉप, फलक, मोबाइल हे सगळे त्याचं ऐकणारे. लॅपटॉपने स्वतःचं घड्याळ चालवायचं नाही. फलकावरचा आकडा आणि निकालपत्रातला आकडा यांत होणारे बहुतेक घोळ हे सूत्र मोडल्यामुळेच होतात.

आदल्या दिवशी: आखणी आणि जागा

कागदावर तलावाचा आयत काढा आणि कन्सोल, लॅपटॉप, फलक, राउटर कुठे बसणार ते लिहा. कन्सोलमधून लॅपटॉपकडे बहुधा साधी सिरियल केबल जाते. ती साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढे तिच्यावर विसंबू नका. म्हणून लॅपटॉप कन्सोलच्या शेजारीच हवा, सावलीत आणि पाण्यापासून दूर. वीज घ्यायची ती गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधून, म्हणजे आपण ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो त्यातून. ओल्या फरशीवरचा एक्स्टेन्शन बोर्ड पाहिला की माझं तरी काळीज धडधडतं. कन्सोल आणि लॅपटॉप दोन्हींना यूपीएस द्या. ऐन हीटमध्ये, म्हणजे शर्यतीची एखादी फेरी चालू असताना, दिवे गेले तरी हात लावण्याची वेळ हरवता कामा नये.

५० मीटरच्या तलावात एक चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतं. ५० मीटरची शर्यत समोरच्या टोकाकडून सुटते, कारण सगळ्या शर्यती एकाच टोकाला संपवायच्या असतात. त्यामुळे स्टार्टरचा हॉर्न आणि त्याची केबल त्या टोकापर्यंत पोहोचते का, हे आदल्या दिवशीच बघा.

टचपॅड आणि लेनचे क्रमांक

नियमानुसार पॅड सुमारे २.४ मीटर रुंद, ०.९ मीटर उंच आणि सेंटिमीटरभर जाड असतो. त्याचा ०.३ मीटर भाग पाण्यावर आणि ०.६ मीटर पाण्याखाली राहतो. हाताच्या दाबाने तो चालला पाहिजे, लाटेने नाही. सगळे पॅड टांगून झाले की एका माणसाला एकेका लेनवरून फिरवा आणि पॅड दाबायला सांगा. तुम्ही कन्सोलवर बघा: त्याने तीन दाबला तर तीनच उजळायला हवा. दोन्ही टोकांना पॅड असतील तर दुसऱ्या टोकाकडे विशेष लक्ष द्या. तिथे उभं राहिलं की डावं-उजवं उलटतं, आणि वायरीचा गुच्छही नकळत उलटा लागतो. आठची लेन एक होते आणि स्पर्धा सुरू झाल्यावर ते कुणाच्याही ध्यानात येत नाही.

कन्सोल ते लॅपटॉप

आता खरी कसोटी. कोलोरॅडो, डॅक्ट्रॉनिक्स, ओमेगा अशा कुठल्याही कन्सोलची माहिती घ्यायला मीट मॅनेजर, स्प्लॅश यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. यादीतून आपला नेमका कन्सोल निवडा. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसला तर यूएसबी ॲडॅप्टर घ्या, आणि त्याचा ड्रायव्हर घरी असतानाच टाका. तलावावर इंटरनेट मिळेलच असं नाही.

मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने त्या सिरियल जोडणीला दिलेला, क्रमांक बघून तोच सॉफ्टवेअरमध्ये लिहा. वेग म्हणजे बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी हे सगळं कन्सोलच्या पुस्तिकेत दिलंय तसंच हवं. पुढचा ठोकताळा लक्षात ठेवा, अर्धा तास वाचेल. पडद्यावर काहीच येत नसेल तर पोर्ट चुकलाय, नाहीतर केबल सरळ हवी तिथे क्रॉस (आत तारा अदलाबदल केलेली) किंवा क्रॉस हवी तिथे सरळ लागलीय. काहीतरी येतंय पण ती अगम्य चिन्हं आहेत, तर वेग किंवा पॅरिटी जुळत नाही.

माझा स्वतःचा घोळ सांगतो. जेवणाच्या सुट्टीत मी पंख्यासाठी जागा करताना ॲडॅप्टर काढून शेजारच्या यूएसबी छिद्रात लावला. विंडोजने त्याला नवा क्रमांक दिला, सॉफ्टवेअर जुन्यावर कान लावून बसलं. तीन हीट हातानेच टाइप कराव्या लागल्या. तेव्हापासून ते छिद्र चिकटपट्टीने झाकलेलं असतं. त्याच दिवसापासून लॅपटॉपचं झोपणं आणि विंडोज अपडेट दोन्ही स्पर्धा संपेपर्यंत बंद.

निकाल येऊ लागले की पॅडची वेळ आणि बटणांची वेळ शेजारी-शेजारी दिसेल असा तक्ता लावा. दोन्हींत ०.३ सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर ‘स्वीकारा’ दाबण्यापूर्वी लेन-पंचाला विचारा. पोहणाऱ्याचा हात हलका लागला असेल, किंवा टाइमकीपर डुलकीत असेल. आणि निकालात दशांशचिन्हानंतर दोनच अंक ठेवा. १९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेचं (एकाच शर्यतीत चार प्रकारे पोहण्याचं) सुवर्ण गुन्नार लार्सनला टिम मॅकीपेक्षा दोन सहस्रांश सेकंदांच्या फरकाने मिळालं. त्यानंतर जलतरणात निकाल शतांशावर थांबवायचं ठरलं. भिंती तेवढ्या अचूक बांधलेल्याच नसतात, हे कारण मला पटतं. शतांशात बरोबरी झाली तर ती बरोबरीच.

फलक

आकड्यांचा जुना एलईडी फलक थेट कन्सोलमधून चालू द्या. लॅपटॉप बंद पडला तरी तो चालत राहतो. व्हिडिओ पडदा असेल तर लॅपटॉपचा दुसरा डिस्प्ले म्हणून ‘एक्स्टेंड’ करा. ‘डुप्लिकेट’ केलंत तर तुमचा व्हॉट्सॲप सगळ्या गॅलरीला दिसेल.

डायव्हिंगचे पंच आणि वायफाय

इथे घड्याळ नाही, गुण आहेत. पंच टॅबवर किंवा कीपॅडवर ० ते १० पर्यंत अर्ध्याच्या पटीत गुण देतात आणि डायव्ह-रेकॉर्डरसारखं सॉफ्टवेअर हिशेब करतं. या टॅबसाठी स्वतंत्र राउटर लावा, उंचावर. माणसांनी भरलेल्या गॅलरीत २.४ गिगाहर्ट्झवर मोबाइल हॉटस्पॉटची गर्दी असते, म्हणून टॅबना ५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर तेच बरं. राउटरवर ‘क्लायंट आयसोलेशन’ (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून तोडणारी सोय) बंद आहे ना ते बघा, नाहीतर सगळे टॅब वायफायवर असूनही लॅपटॉपला दिसणार नाहीत. लॅपटॉपला कायमचा आयपी पत्ता द्या आणि विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवा. ‘पब्लिक’ राहिलं तर फायरवॉल दार लावून बसतं.

चाचणीसाठी एक हिशेब पाठ ठेवा. ३ मीटर फळीवरून १०३बी या क्रमांकाची उडी, काठिण्य (गुणांना ज्याने गुणायचं तो आकडा) १.६. पाच पंचांनी ५.५, ६, ६.५, ६.५, ७ दिले, तर सगळ्यांत वरचा आणि खालचा गुण गळतो. उरलेली बेरीज १९, गुणिले १.६, म्हणजे ३०.४०. सॉफ्टवेअर दुसरा आकडा दाखवत असेल तर सेटिंगमध्ये पंचांची संख्या चुकली आहे. सात पंच असतील तर दोन वरचे आणि दोन खालचे गळतात.

मोबाइलवर थेट निकाल

निकाल नेटवर चढवण्याचं काम दुसऱ्या इंटरनेटवरून करा, पंचांच्या राउटरवरून नव्हे. नेट बंद पडलं तर पालक थोडे चिडतील. पंचांचं नेटवर्क बंद पडलं तर स्पर्धाच थांबते.

संध्याकाळी

लोक घरी निघाले की पॅड गोड्या पाण्याने धुऊन सुकवा आणि कनेक्टर कोरड्या कपड्याने पुसून डब्यात ठेवा. पणजीत मांडवी नदीकडून येणारी खारी हवा पितळी टोकांना दोन मोसमांत हिरवं करते. निकालांची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि टाइमकीपरांचे कागदी तक्ते पिशवीत भरा. रात्री एखाद्या दैनिकाच्या क्रीडा विभागातून फोन येतोच, आणि लॅपटॉप तेव्हा दुसऱ्याच्या गाडीत असतो.