लाइट गेली तरी गेमची सेव्ह टिकावी म्हणून: माझा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात भाच्यांसाठी रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटरवर रेट्रोपाय (जुने व्हिडिओ गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि त्यावर २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्स (जीबीए) या हातात धरून खेळायच्या यंत्राचे गेम. गेमच्या फाइली जीबीएच्या फोल्डरमध्ये टाकल्या, एमजीबीए कोर (त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) निवडला, गेम सुरू झाले. बायोस फाइल (मूळ यंत्रातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) नसली तरी हा कोर चालतो.

अडचण लाइटची. पोरं गेममध्ये सेव्ह करत, मधेच लाइट जाई आणि परत आल्यावर सगळं पहिल्यापासून. लहान पोरांची केवढी मेहनत वाया! कारण असं, की गेममधली सेव्ह आधी मेमरीत राहते. गेम नीट बंद केल्यावरच रेट्रोआर्च (रेट्रोपायमधला गेम चालवणारा प्रोग्रॅम) ती मेमरी कार्डावर लिहितं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सेव्हिंग’खाली ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटर्व्हल’ आहे. ते १० सेकंद केलं, कॉन्फिगरेशन सेव्ह केलं आणि गेम पुन्हा उघडला. सेव्ह बदलली असेल तेव्हाच फाइल लिहिली जाते, म्हणून कार्डावर उगाच ताण नाही. खेड्यात रेट्रोपाय लावणाऱ्यानं हे सगळ्यात आधी करावं.

चित्रासाठी ‘इंटिजर स्केल’ (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणारं सेटिंग) चालू केलं. मूळ पडदा २४०×१६० ठिपक्यांचा (पिक्सेलचा). ७२० ठिपके उंचीच्या टीव्हीवर तो बरोबर चौपट होतो. कडेला काळी पट्टी राहते, पण अक्षरं एकदम स्वच्छ दिसतात.

अचानक लाइट गेल्यानं कार्डच खराब होऊ शकतं, त्यामुळे सेव्हच्या फाइली पेनड्राइव्हवरही ठेवतो.