ट्रम्पेटचा वरचा सा: कोकणातल्या नव्या वादकांसाठी

मे संपत आला की कोकणातल्या वराती थांबतात आणि बँडपथकातल्या माणसाला गणपतीपर्यंत तीन-साडेतीन महिने मोकळे मिळतात. ट्रम्पेट नव्याने हातात घेतलेल्याने रेंज, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या सुरांची पोच, बांधायची ती याच पावसाळ्यात. मोसमात तास न् तास रस्त्यावर वाजवताना ओठ नुसता झिजतो, घडत नाही. वरचे सूर जोर लावून येत नाहीत, ते खालच्या आणि हळू वाजवलेल्या सुरांतून तयार होतात. पथकात ही गोष्ट सगळ्यात उशिरा कळते, कारण तिथे सगळे जोरातच वाजवत असतात.

आधी वाद्याची मांडणी समजून घ्या. हार्मोनिअमच्या भाषेत आपल्या नेहमीच्या बी फ्लॅट ट्रम्पेटचा सा म्हणजे काळी पाच. एकही व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता त्यातून खालून वर सा, प, मधला सा, ग, प, थोडा उतरलेला कोमल नी आणि मग वरचा सा असे सूर निघतात. खाली हे सूर लांब लांब आहेत, वर जावं तसे एकमेकांना खेटतात. खालच्या सा आणि प मध्ये ऐसपैस जागा आहे. वरच्या सा च्या मात्र एका अंगाला नी आणि दुसऱ्या अंगाला रे चिकटून बसलेला असतो. ओठ केसभर हलला की भलताच सूर लागतो. खालच्या सा ला ओठ सेकंदाला साधारण २३३ वेळा थरथरतात, मधल्या सा ला ४६६ आणि वरच्या सा ला ९३२ वेळा. हा वेग वाढवायचे दोन मार्ग आहेत. ओठांमधली फट लहान ठेवून हवा वेगाने सोडणं हा एक, आणि माउथपीस ओठांवर दाबणं हा दुसरा. दुसरा मार्ग पहिल्याच दिवशी सूर देतो, म्हणून नवी मुलं त्यात अडकतात. दाबलेल्या ओठात रक्त फिरत नाही. तिसऱ्या गाण्याला ओठ बधिर होतो आणि चौथ्याला मधला सासुद्धा लागत नाही.

वॉर्म-अपला वीस मिनिटं पुरतात. वाद्य हातात घेण्याआधी ओठ सैल सोडून घोड्यासारखे फुरफुरवा, पाच-सहा वेळा. मग चार मोजत श्वास आत, आठ मोजत बाहेर. खांदे उचलले जाऊ देऊ नका. श्वास कमरेभोवती भरला पाहिजे, पट्टा घट्ट झाल्यासारखा वाटला पाहिजे. त्यानंतर नुसत्या माउथपीसवर एक-दोन मिनिटं बझिंग, म्हणजे ओठांनीच भुणभुण आवाज काढणं, सायरनसारखं खालून वर आणि परत खाली. आवाज तुटला तर तिथे वेग वाढवू नका, त्याच जागेवरून हळू पुन्हा जा.

पुढे लाँग टोन, म्हणजे एकच सूर लांब धरून ठेवणं. खालच्या प वरून सुरुवात करा, सा वरून नको, कारण प ला ओठ सगळ्यात स्वाभाविक स्थितीत असतो. सेकंदकाट्यावर आठ ठोके, शेजारच्या खोलीत झोपलेलं पोर उठणार नाही इतक्या हळू आवाजात. मग अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरत खालच्या सा पर्यंत या. प्रत्येक सुरानंतर तेवढाच वेळ वाद्य ओठांपासून दूर धरा. ही विश्रांती व्यायामाचाच भाग आहे, ती गाळू नका. सूर सुरू होताना आधी ‘फस्स’ अशी हवा ऐकू आली आणि मग सूर लागला, तर ओठांची फट जास्त उघडी आहे. ‘म’ म्हणताना ओठ मिटतात तसे मिटून घ्या आणि हवेलाच ते उघडू द्या.

मग लिप स्लर. जीभ न लावता, फक्त हवा आणि ओठांनी खालचे प-सा-प. आधी मोकळं, मग दुसरा व्हॉल्व्ह, पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा आणि शेवटी तिन्ही. प्रत्येक वेळी अख्खी जोडी अर्ध्या स्वराने खाली सरकते. हे सात टप्पे मन लावून केले तर सहा-सात मिनिटं जातात. पहिला-तिसरा आणि तिन्ही व्हॉल्व्ह दाबले की सूर चढतो, ही वाद्याच्या बांधणीतलीच अडचण आहे. तिथे तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, डाव्या हाताच्या बोटाने बाहेर सरकवायची. नव्या मुलांची ही स्लाइड बहुधा अडकलेलीच सापडते. ती आधी मोकळी करून घ्या, नाहीतर कान चुकीच्या सुराला सरावतो. खालची जोडी स्वच्छ आली की वरची घ्या, प आणि मधला सा; मग सा आणि ग. मोकळा ग हार्मोनिअमपेक्षा किंचित उतरलेला असतो. ओठ आवळून तो चढवत बसू नका, कान लावून हवेनेच जागेवर आणा.

स्लर करताना जिभेकडे लक्ष द्या. शीळ घालून पाहा: वरचा सूर काढताना जीभ आपोआप टाळूकडे जाते, ‘आ’ची ‘ई’ होते. ट्रम्पेटलाही तेच लागतं. खाली ‘ता’, वर ‘ती’. जीभ उचलली की तोंडातली वाट अरुंद होते आणि तीच हवा वेगाने सुटते.

आता रेंज. आठवड्यातून तीन किंवा चार दिवस, रोज नाही. मधल्या दिवसांत फक्त वॉर्म-अप आणि गाणी. आधी आपला टोकाचा सूर शोधा. टोकाचा म्हणजे हळू आवाजात, सलग तीन वेळा, तिन्ही वेळा स्वच्छ लागतो तो. वरातीत एकदा किंचाळल्यासारखा निघालेला सूर हिशेबात धरायचा नाही. हळू लागत नाही तो सूर तुमचा नाही, हे आम्ही पूर्ण गांभीर्याने सांगतो आहोत.

त्या टोकाच्या एका सप्तकापेक्षा आणखी थोडं खालून आरंभ करून सा-ग-प-सा-प-ग-सा अशी मालिका एका श्वासात वाजवा. वर जाताना आवाज वाढवू नका, उलट थोडा कमी करा. मालिका झाली की तेवढी विश्रांती, मग अर्धा स्वर वर सरकून पुन्हा. टोकाचा सूर गाठला की त्याच्या वर फक्त अर्धा स्वर घेऊन पाहा, दोनदा. लागला तर उत्तम, नाही लागला तर थांबा. तिसरा प्रयत्न नेहमी दाबून होतो. वरचं काम एकूण दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. दोन-तीन आठवड्यांत अर्धा स्वर पक्का झाला तरी चाल चांगली आहे.

मालिका वाजवण्याआधी ती गाऊन घ्या. गोव्याच्या चर्चशाळांत मुलांकडून सोल्फेज (सुरांची नावं घेत गाणं) गाऊन घ्यायची जुनी रीत आहे. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या जॅझ बँडांत आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात नाव काढलं. ट्रम्पेटर चिक चॉकलेट हे त्यांतलेच. सूर कानात आधीपासून असला की ओठ चाचपडत नाही.

दाब कळण्यासाठी उजव्या हाताची करंगळी पाहा. ट्रम्पेटवर करंगळीसाठी एक आकडा असतो. वरचा सूर आला की करंगळी त्यात अडकून अख्खं वाद्य तोंडाकडे ओढते, आणि वाजवणाऱ्याला ते जाणवतही नाही. सरावात करंगळी आकड्यातून काढून वरच ठेवा. वरचा सूर लगेच गेला, तर तो इतके दिवस करंगळीने लागत होता. वाजवून झाल्यावर आरशात पाहा: फिकट वळ चालेल, पण दहा मिनिटांनीही न गेलेला लाल, खोल वळ म्हणजे दाब जास्त आहे. दुसरी खूण हसण्याची. वर जाताना ओठांची टोकं कानाकडे ताणली जातात, मधला ओठ पातळ होतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. टोकं जागच्या जागी घट्ट, मध्य सैल. तिसरी चूक जास्त हवा भरण्याची. वरच्या सुराला हवेचा दाब जास्त लागतो, हवा मात्र थोडी लागते. छाती गच्च भरून घेतली तर घसा आवळतो आणि मान फुगते.

सरावाची जागाही महत्त्वाची. समुद्रकिनारी पुळणीवर वाजवायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे आवाज परतून येत नाही, त्यामुळे माणूस नकळत जोर लावतो; शिवाय वाळूचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर पिस्टनवर कायमचा ओरखडा पडतो. पडवीत किंवा मांगरात भिंतीकडे तोंड करून, हातभर अंतरावर उभे राहा. हळू आवाजही स्पष्ट ऐकू येतो.

माउथपीस बदलून रेंज वाढवायच्या भानगडीत पहिली दोन वर्षं पडू नका. नव्या वाद्यासोबत बहुधा ७सी मापाचा माउथपीस येतो, आतला व्यास सुमारे १६ मिलिमीटर. तो पुरेसा आहे. उथळ कपाचा माउथपीस वर चमक देतो, पण कच्चा ओठ त्यात आत घुसून तळाला टेकतो आणि सूर एकदम बंद पडतो.

वरातीच्या दिवशी वॉर्म-अप घरून करून निघा. टेम्पोत वाद्य ओठाला लावू नका, घाटात एक धक्का आणि दात गेला. माउथपीस मात्र खिशात ठेवा, तो अंगाच्या उबेने तयार राहतो. उन्हात वाद्य तापलं की सूर चढतो आणि कीबोर्डशी जमेनासा होतो. मुख्य स्लाइड एक सेंटीमीटर ओढली की नळी दोन सेंटीमीटरने लांबते आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरतो, तेवढ्या अंदाजाने जुळवा. दोन ट्रम्पेट असतील तर वरच्या ओळी वाटून घ्या, एकाने वाजवताना दुसऱ्याने ओठ मोकळा ठेवायचा. चढणीवर चालताना वरच्या सुराची गाणी घेऊ नका, तेव्हा श्वास पायांना लागतो.

घरी आल्यावर पाच मिनिटं खालचे सूर, अगदी हळू, आणि पुन्हा फुरफुर. दुसऱ्या दिवशी ओठ जाड, लाकडासारखा वाटला तर फक्त खालचे लाँग टोन करा, दहा मिनिटं, किंवा सुट्टी घ्या. ओठात एकाच जागी बोचणारी कळ येत असेल, किंवा काल सहज लागणारा सूर आठवडाभर लागत नसेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. ओठाचा स्नायू फाटू शकतो आणि तो दाबून वाजवल्याने बरा होत नाही.

खोबरेल रात्री ओठांना लावायला उत्तम, वाजवण्याआधी मात्र पुसून टाका, माउथपीस घसरतो. व्हॉल्व्हमध्ये खोबरेल कधीच घालू नका. ते थंडीत घट्ट होतं, चिकटतं आणि पिस्टन वर यायला उशीर करतो. व्हॉल्व्ह ऑइलचे तीन-चार थेंब, तेही आधीचं पुसून. पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात. ते चुकीच्या जागी गेले की हवाच जात नाही, आणि नवा मुलगा ओठाला दोष देत बसतो.

शेवटी माउथपीसला जोडलेली पहिली नळी. तंबाखू, पान, जेवणाचे कण तिथेच साचतात. ती अरुंद झाली की सगळ्यात आधी वरचे सूर गुदमरतात. पंधरवड्याला कोमट पाण्याने आणि लवचीक ब्रशने धुवा. कढत पाणी नको, लॅकर (पितळेवरचा चकचकीत लेप) निघतं. खाऱ्या दमट हवेत पितळेतलं जस्त आतून झिजतं आणि नळीवर बाहेरून गुलाबी-तांबूस ठिपके दिसू लागतात. ते पुसून जात नाहीत. ठिपके दिसले तर नळी दुरुस्तीवाल्याला दाखवा. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर पाणी काढून, फडक्याने पुसून, पेटी तासभर उघडी ठेवूनच बंद करा, कारण आतलं मखमल ओल धरून ठेवतं.