फांदी का धरत नाही? सोलापूरच्या हवेत छाटकलम करताना या चुका टाळा

जास्वंद, तगर, मोगरा, बोगनवेल, शेवंती ही सगळी छाटकलमाने, म्हणजे फांदीची काडी कापून लावून होणारी झाडं. तरी सोलापुरातल्या कित्येक गच्च्यांवर लावलेल्या काड्या पंधरा दिवसांत एकतर वाळून जातात, नाहीतर बुडाशी काळ्या होऊन पिचतात. दोन्हींमागचं कारण बहुधा एकच असतं. कापलेल्या काडीला मुळं नसतात, पानं मात्र असतात. कोरड्या हवेत पानांतून पाणी उडत राहतं आणि कापलेल्या टोकातून तेवढं पाणी वर चढत नाही. पान मान टाकतं. ते पाहून आपण कुंडीत आणखी पाणी ओततो, मातीतली हवा निघून जाते आणि बूड कुजतं. काडी वरून तहानलेली आणि खालून बुडालेली, अशी तिची अवस्था होते. तिला वर दमटपणा लागतो आणि खाली मोकळी हवा. पुढच्या बहुतेक चुका याच दोन गोष्टी उलट केल्याने होतात.

चुकीच्या दिवसांत फांदी कापणं

मार्चपासून मृगाचा पाऊस नीट सुरू होईपर्यंत छाटकलमाच्या वाटेला जाऊ नये. काडीच्या बुडाशी साधारण २२ ते २८ अंश तापमान असलं की मुळं चांगली सुटतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो आणि तापलेल्या स्लॅबवरची कुंडी त्याहून गरम होते. खरा हंगाम आर्द्रा ते हस्त, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरची सुरुवात. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, हवा दमट राहते आणि ऊनही सौम्य असतं. फक्त कुंड्या थेट पावसात ठेवू नका, आडोशाला घ्या.

डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत मुळं फार सावकाश येतात. गुलाबाच्या काड्या ऑक्टोबरच्या छाटणीतून घ्या. बोगनवेलीच्या पक्क्या, म्हणजे लाकडासारख्या कडक झालेल्या काड्यांना पावसाळ्याखेरीज आणखी एक वेळ मिळते: जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. आदल्या संध्याकाळी मातृवृक्षाला भरपूर पाणी द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत फांदी कापा. दुपारी कापलेली फांदी आधीच अर्धी सुकलेली असते. कापल्यावर ओल्या टॉवेलात गुंडाळून सावलीत ठेवा आणि तासाभरात लावा.

फुललेली, जून किंवा आजारी फांदी घेणं

सर्वांत सुंदर, कळ्यांनी लगडलेली फांदी कापायचा मोह होतो, पण कळ्या काडीतलं साठवलेलं अन्न खाऊन टाकतात. बिनकळीची फांदी शोधा. नसेलच तर कळ्या, फुलं, कोवळ्या शेंगा सगळं खुडून टाका. जास्वंद, मोगरा, तगर, एक्झोरा यांना निमकडक फांदी लागते: वाकवली की वाकते, आणखी वाकवली की कट्‌कन तुटते. नुसतीच लवत असेल तर ती कोवळी, अजिबात वाकत नसेल तर जून. शेवंतीचा मात्र कोवळा शेंडाच घ्यावा.

लांबी झाडावर अवलंबून असते. शेवंतीचा शेंडा ५ ते ७ सेंटीमीटर, मोगरा-जास्वंद-तगर यांची काडी १२ ते १५ सेंटीमीटर आणि तीन-चार पेरांची, बोगनवेल व गुलाबाची पेन्सिलीएवढ्या जाडीची १५ ते २० सेंटीमीटर.

जास्वंदीच्या पेरांत पिठ्या ढेकूण दडलेला असतो. पांढरा कापूस दिसला तर ती फांदी सोडून द्या, कारण बाकीच्या काड्यांवरही तो पसरतो. पानांवर पिवळी-हिरवी नक्षी किंवा सुरकुत्या असतील तर तो विषाणूरोग असू शकतो. तो काडीतून नव्या रोपात जसाच्या तसा उतरतो आणि त्यावर औषध नाही.

काप चुकणं आणि काडी उलटी लागणं

बोथट कात्रीने देठ चेंगरतो आणि चेंगरलेला भाग आधी सडतो. नवं ब्लेड वापरा, दर झाडानंतर सॅनिटायझरने पुसा. खालचा काप पेराच्या लगेच खाली, अर्ध्या सेंटीमीटरच्या आत द्यायचा. बहुतेक फुलझाडांत मुळं पेराजवळून सहज सुटतात आणि पेराखाली राहिलेलं लांब शेपूट कुजायला निमित्त होतं.

पान नसलेल्या काड्यांची खालची-वरची बाजू नेहमी गोंधळात टाकते, आणि उलटी लावलेली काडी सहसा धरत नाही. म्हणून कापतानाच खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ द्या.

खालच्या निम्म्या भागातली पानं काढा. वर दोन-तीन पानं ठेवा, ती मोठी असतील तर अर्धी कापा. सगळी पानं ओरबाडणं ही पण चूकच आहे, कारण निमकडक काडीला मुळं फोडायला पानाने बनवलेलं अन्न लागतं. पानाविना चालतं ते बोगनवेल-गुलाबाच्या पक्क्या काड्यांना.

काळी माती आणि शेणखत

आपली काळी माती पिकाला सोनं आहे, काडीला नाही. ओली झाली की फुगून घट्ट बसते, सुकली की भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. शेणखत तर या टप्प्यावर नकोच: काडीला ते घेता येत नाही आणि बुरशीला मात्र खाद्य मिळतं. डीएपी, युरिया यांचंही तेच.

निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी जाड वाळू हे मिश्रण पुरेसं आहे. वाळू बादलीत घोळून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. बारीक, मातकट वाळू सिमेंटसारखी बसते. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून विटकर भिजवून, पिळून, दोन-तीन पाण्यांतून काढा. बोगनवेल आणि देवचाफ्यासाठी वाळू दोन भाग, कोकोपीट एक भाग. मिश्रण मुठीत दाबलं की एक-दोन थेंब निघावेत, धार लागू नये.

भांडं म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास उत्तम. तळाला चार भोकं पाडा आणि तो ग्लास दुसऱ्या, अपारदर्शक ग्लासात ठेवा. त्यालाही तळाला भोकं हवीत. आत उजेड न गेल्याने शेवाळ येत नाही आणि मुळं पाहायची तर आतला ग्लास उचलला की झालं. काडी दाबून खुपसू नका, त्याने सालपट सोलतं. आधी पेन्सिलीने भोक पाडा, काडी ४ ते ५ सेंटीमीटर आत सोडा आणि बाजूने बोटाने दाबा. शेवंतीच्या छोट्या शेंड्याला २ सेंटीमीटर पुरे.

बोअरचं पाणी, टाकीचं पाणी, आरओचं टाकाऊ पाणी

सोलापुरात हा मुद्दा इतर सगळ्यांपेक्षा जास्त काड्या मारतो असं आमचं मत आहे. बोअरच्या जड पाण्याने मिश्रणात क्षार साठतात, कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो आणि काडीला पाणी ओढणं अवघड होतं. आरओ मशीनच्या पाइपातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून काड्यांना घालतात, पण त्यात तर मूळ पाण्याहूनही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा. काड्यांना पावसाचं साठवलेलं, एसीतून ठिबकणारं किंवा आरओचं पिण्याचं पाणी द्या. लागतंच किती? डझनभर ग्लासांना आठवड्याला लिटरभरही पुष्कळ होतं.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं असतं, तेही थेट घालू नये.

लावल्यावर एकदा नीट भिजवा. त्यानंतर मिश्रणाचा वरचा सेंटीमीटरभर थर कोरडा लागला तरच पाणी. पान मलूल दिसलं तर आधी काडीचं बूड तपासा. बूड कडक आणि हिरवट असेल तर हवा कोरडी आहे, पानांवर फवारा मारा आणि झाकण नीट करा. बूड मऊ, तपकिरी, वासट असेल तर पाणी जास्त झालंय. कुजलेला भाग पांढरी-हिरवी निरोगी ऊती दिसेपर्यंत कापा आणि उरलेली काडी नव्या मिश्रणात लावा, जुन्यात नाही.

झाकण न घालणं, किंवा झाकून उन्हात ठेवणं

दोन लिटरची पाण्याची बाटली कापून वरून पालथी घातली की ग्लासाला झाकण तयार. जास्त काड्या असतील तर क्रेटवर पारदर्शक पॉलिथिन ताणा. आतून दव धरलेलं दिसलं पाहिजे. दिवसातून एकदा पाच मिनिटं उघडा, नाहीतर पानांवर करडी बुरशी चढते. झाकलेली काडी थेट उन्हात ठेवली तर आतली हवा इतकी तापते की काडी एका दुपारीत शिजते. पूर्वेकडची सावली किंवा ७५ टक्के शेडनेट योग्य. पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका, पत्रा स्वतःच उष्णता फेकतो.

हार्मोनची पावडर, दालचिनी आणि मध

रूटिंग हार्मोन म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर; तिच्यातला कामाचा घटक बहुधा आयबीए (इंडोल ब्युटिरिक आम्ल) असतो. कोवळ्या काडीला ५०० ते १००० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग), निमकडकला १००० ते ३०००, पक्क्या काडीला ३००० च्या आसपास. जास्त घातलं म्हणजे जास्त मुळं येतात असं नाही, उलट बूड काळं पडतं. काडीचं फक्त खालचं टोक बुडवा, जादा पावडर झटका. डब्यात थेट बुडवू नका, चमचाभर वेगळी काढून घ्या. आयबीए स्वतः विरघळवायचं तर ते पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये घ्यावं लागतं. ३००० पीपीएम म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम, आणि त्यात काडी फक्त ५ सेकंद. उन्हात ठेवलेला आणि जुना डबा निकामी होतो.

दालचिनी सौम्य बुरशीरोधक आहे, हार्मोन नाही. मधाकडूनही मुळांची अपेक्षा ठेवू नका. बुरशीसाठी कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणात काड्या हातमोजे घालून १० मिनिटं ठेवता येतात. त्याच वेळी मिश्रणात ट्रायकोडर्मा घालू नका, कारण कार्बेन्डाझिम ती उपयोगी बुरशीही मारतं. दोन्हींपैकी एकच निवडा.

नवं पान आलं म्हणून काडी हलवणं

पक्क्या काडीत साठलेल्या अन्नावर पानं आधी फुटतात, मुळं नंतर येतात. बोगनवेल आणि गुलाब यांत तर हे नेहमीचंच. हिरवा फुटवा पाहून कुंडी बदलली की चार दिवसांत सगळं गळतं. उपटून पाहणं त्याहून वाईट. अंदाज असा ठेवा: शेवंती १५ ते २० दिवस, तगर आणि देशी जास्वंद ३ ते ५ आठवडे, मोगरा व गुलाब ४ ते ६, बोगनवेल ६ ते ८, चाफ्याला त्याहूनही वेळ लागू शकतो. ग्लासाच्या कडेला मुळांचं जाळं दिसलं की मगच हलवा.

मुळं आली तरी झाकण एकदम काढू नका. आठ-दहा दिवसांत रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवत जा. बोगनवेलीची मुळं काचेसारखी ठिसूळ असतात, म्हणून ग्लास कापून गोळा न मोडता कुंडीत बसवा.

कधी बुडाशी नुसती पांढरी गाठ धरते आणि मुळं येत नाहीत. गाठीचा पातळ पापुद्रा ब्लेडने काढा, पुन्हा हार्मोन लावा आणि नव्या मिश्रणात ठेवा.

सगळ्या झाडांना एकच नियम लावणं

चाफ्याची फांदी कापल्या कापल्या लावली तर चीक ओघळतो आणि बूड सडतं. ३० ते ४५ सेंटीमीटरची फांदी सावलीत आठ-दहा दिवस ठेवा, काप सुकू द्या आणि जवळजवळ कोरड्या वाळूत लावा. कण्हेरीचा चीक विषारी आहे. हातमोजे घाला आणि काड्या लहान मुलांपासून व जनावरांपासून लांब ठेवा.

नर्सरीतली मोठ्या रंगीत फुलांची जास्वंद आणि हायब्रीड गुलाब काडीवर रुसतात. धरले तरी स्वतःच्या मुळांवर अनेकदा दुबळे राहतात, म्हणूनच नर्सरीवाले हायब्रीड जास्वंद देशी लाल जास्वंदीवर कलम करतात आणि गुलाबाला जंगली खुंटावर डोळा भरतात. अशा झाडांवर, आणि दोनदा फसलेल्या मोगऱ्यावरही, पावसाळ्यात गुटी कलम करा, म्हणजे फांदी न कापता झाडावरच तिला मुळं फोडा. पेन्सिलीएवढ्या फांदीवर अडीच सेंटीमीटर साल गोल काढा, आतला बुळबुळीत थर ब्लेडने खरवडून टाका, हार्मोन लावा, भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरणारं शेवाळ) मूठभर गुंडाळा आणि वर पॉलिथिन घट्ट बांधा. खरवडणं राहिलं तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. फांदी आईच्या मुळांवर जगत असल्याने इथे पान सुकायची भीतीच नसते. दीड-दोन महिन्यांनी पॉलिथिनमधून तपकिरी झालेली मुळं दिसली की गुटीच्या खाली कापा आणि पंधरा दिवस सावलीत सांभाळा.