ग्रामपंचायत लढवायचीय? बॅनर नंतर छापा

राजेहो, निवडणूक लागली की आपल्याकडचे पोट्टे पहिले बॅनर छापतात अन मग मुद्दा शोधत फिरतात. उलटं करा. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातला जॉन टेस्टर बघा, बिग सँडी नावाच्या छोट्या गावाजवळ आजोबांपासूनची 1,800 एकर शेती (पाच एकरवाल्याला ऐकूनच चक्कर येते), शिकला म्युझिक, काही काळ शाळेत संगीत शिकवलं, लहानपणी खिमा करायच्या मशीनमध्ये डाव्या हाताची तीन बोटं गेली, अन हा माणूस 18 वर्षं देशाच्या सिनेटमध्ये (तिथल्या संसदेचं वरचं सभागृह) बसला, शेती न सोडता.

तर पहिले छोटी जागा धरा. टेस्टर 1983 मध्ये गावच्या शाळेच्या बोर्डावर गेला, सिनेट-बिनेट लय नंतर. तुमचं पोरगं जि.प. शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत जा, तिथं 75 टक्के पालकच असतात. खिचडी, गळकं छत, मास्तर कमी, हे बघणारा माणूस बायाबापड्यांच्या आपोआप लक्षात राहतो. सेवा सोसायटीही चालते पण तिथं जुने खोड बसलेले असतात, तुम्हाला लवकर बोलू देणार नाहीत.

मग मुद्दा, एकच. 1997 मध्ये मोंटानानं वीजधंद्यावरचं सरकारी नियंत्रण काढलं, बिलं वाढली, त्या रागात टेस्टर 1998 ला राज्याच्या सिनेटला उभा राहिला अन निवडून आला. आपल्याकडं तर हा मुद्दा आयताच आहे, ऐन हरभऱ्याच्या ओलितात डीपी जळते अन लोकं नुसते पारावर शिव्या देत बसतात. तुम्ही शेतकऱ्यांच्या सह्या घ्या, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, दर आठवड्याला जाऊन विचारा. दारोदार फिरताना ती पोच खिशात पाहिजे.

कागदं आत्ताच बघा. वय 21, नाव गावच्या मतदारयादीत, घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली, सरकारी जागेवर अतिक्रमण नाही, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू नाही. राखीव जागा असेल तर जात पडताळणीच्या मागं लागा, यातच भलेभले अडकतात.

अन पक्षाच्या नादी उगाच लागू नका. टेस्टर देशाच्या सिनेटला 2006 मध्ये साधारण साडेतीन हजार मतांनी जिंकला, 2012 अन 2018 लाही आला, पण 2024 ला मोंटानात ट्रम्पची लाट होती, हा विरोधी डेमोक्रॅट पक्षाचा, पडला. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्हच नसतं म्हणून तुमची ओळख इथं चालते, झेडपीला चिन्ह येतं तिथं वेगळा हिशोब करावा लागतो.

खर्चाची वही रोज लिहा, चहा-पेट्रोलसकट. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यायचा असतो, पडलात तरी, नाहीतर पुढच्या वेळी उभं राहायला बंदी येऊ शकते.