भंगारवाला नाही हो, कारखानदार!
जुन्या प्लास्टिकपासून बादल्या, घमेली बनवायचं युनिट टाकायचं होतं, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून सबसिडी मिळते, गाव आणि प्रवर्ग बघून १५ ते ३५ टक्के, पण फाईल पुढे सरकेचना. शेवटी कळलं की एजंटने उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) एनआयसी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारा आकडा) ३८ टाकलेला, म्हणजे कचरा गोळा करणं वगैरे! आपण तर वस्तू बनवतो ना, त्याला २२ लागतो, रबर-प्लास्टिक उत्पादन. उद्यम पोर्टलवर स्वतःच बदलला, फुकटात होतं, एजंटला पैसे देऊ नका. प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही 'भंगार खरेदी-विक्री' काढून मशीनची कोटेशनं लावली, मग मंजुरी आली. आणि हो, सबसिडी लगेच हातात येत नाही, ३ वर्षं बँकेतच अडकून राहते, तेव्हा खेळतं भांडवल वेगळं ठेवा.